चाळिशीचा कागद

मत देणार नाही अशी शपथ चष्मेवाल्याने गेल्या तीन वर्षांत निदान शंभर वेळा घेतली असेल, आणि त्यातल्या नव्वद वेळा समोरच्या गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड चौकट बसवलेली असताना. बिचारं गिऱ्हाईक करणार काय? एका डोळ्यावर काळी झाकणी, दुसऱ्यासमोर भिंग. पळून जायची सोय नाही. ते आपलं "हो ना, खरं आहे" म्हणायचं आणि भिंतीवरची अक्षरं वाचायचं.

राग खोटा नव्हता हो. दुकान त्याच्या वडिलांचं. जिन्याखालचं, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढं. वडील गेल्यावर ते आपल्या नावावर करून घ्यायला त्याने सगळी कागदपत्रं नीट लावून फाईल वॉर्ड ऑफिसात दिली. ती तिथल्या नोंदणी विभागाने हरवली. हरवली असं कुणी म्हणेना, "सापडत नाहीये, पुढच्या आठवड्यात या" म्हणत. चौदा खेपा झाल्या. शेवटी त्याने तक्रार लिहिली. अक्षर मोत्यासारखं आणि बारीक, कारण एका पानात सगळा संताप बसवायचा होता. तक्रारीवर पोच म्हणून शिक्का मिळाला आणि पुढे काही म्हणजे काही झालं नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

ती तक्रारीची प्रत मग दुकानातच राहिली, आणि तिला दुसरंच काम लागलं. चाळिशी उलटलेली माणसं जवळचं दिसत नाही म्हणून येतात. त्यांना वाचायला काहीतरी बारीक लागतं. वर्तमानपत्राचा तुकडा मळतो, फाटतो. तक्रारीचं अक्षर बरोबर हवं तेवढं बारीक होतं. त्याने तो कागद पुठ्ठ्यावर चिकटवला आणि येईल त्याच्या हातात द्यायला लागला. "वाचा. मोठ्याने वाचा." अर्ध्या गावाने ती तक्रार वाचली होती. 'नोंदणी विभागाच्या तळघरात तीन माणसे बसतात. तिघांपैकी एकालाही काम करण्याची इच्छा नाही. माझी फाईल तिघांनी मिळून हरवली आहे. तिघांनाही तात्काळ घरी पाठवावे, ही विनंती.' पहिले चार दिवस त्याला ते ऐकून बरं वाटे. पुढे अर्थ त्याच्या कानात शिरेनासाच झाला. कोण कुठे अडखळतो, तेवढंच त्याला ऐकू येई. 'तात्काळ'वर अडखळला की पाव नंबर वाढवायचा.

आता इथेच घोडं पेंड खात होतं. चष्मेवाल्याची एकुलती एक लेक परीक्षा देऊन, पहिल्या दहांत येऊन त्याच वॉर्ड ऑफिसात लागली होती. आधी जन्माच्या दाखल्यांच्या खिडकीवर. गेल्या वर्षी तिची बदली झाली, कुठे? तळघरात, नोंदणी विभागात. तिथली जुनी दोन माणसं गेली, एक उरला, आणि नव्या दोघींत एक ही. चष्मेवाल्याला हे ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि डोक्यात येणं वेगळं. त्याची जीभ काही थांबेना.

दोन महिन्यांपूर्वी लेक-जावई आणि व्याही-विहीणबाई जेवायला आले होते. व्याह्यांनी सहज विचारलं, "दुकानाचं झालं का मग नावावर?" झालं! उचलली जीभ लावली टाळ्याला. "कसलं होतंय! कचेरीत बसणाऱ्यांच्या हाताला काम नाही आणि मनाला लाज नाही. सगळे एकाच माळेचे मणी!" लेकीच्या हातातला घास तसाच राहिला. सासू-सासऱ्यांसमोर तिने वर पाहिलं नाही. ती उठली, हात धुतला आणि चप्पल घालून निघून गेली. मागोमाग जावई गेला, मग व्याही, मग विहीणबाई. ताटं तशीच.

त्या दिवसापासून लेक घरी आली नाही. आईला फोन करी, पण "बाबांना देऊ?" म्हटलं की तिकडे काम निघे. चष्मेवाला म्हणे, "येईल. जाते कुठे?" आणि रात्री कूस बदलत राही. बायको तर सरळ म्हणायची, "जिभेला हाड नाही तुमच्या. मुलगी गमावून बसाल एक दिवस." त्यावर तो सरकारला शिव्या घाली.

अशात वॉर्डाची निवडणूक आली. जुने नगरसेवक साहेब पुन्हा उभे होते. त्यांचं नाव काढलं की चष्मेवाला पिंक टाकल्यासारखं तोंड करी. पण या खेपेला दोन नवीन माणसं होती, दोघंही राजकारणाबाहेरची. एक जनावरांची डॉक्टरीण. दुसरा निवेदक. गावातला कुठलाही समारंभ त्याच्या आवाजाशिवाय होत नसे. माईक नसला तरी पोचेल असा आवाज. त्याची घोषणा एकच होती, 'झाडू फिरवणार.'

डॉक्टरीणबाई आधी आल्या. एकट्याच. पत्रक दिलं, चष्मेवाल्याची फाईलकथा उभ्याने ऐकून घेतली.

"शोधायला लावीन," त्या म्हणाल्या. "पण तीन वर्षं झालीत. मिळेलच असं नाही."

"मिळेलच असं नाही?" त्या गेल्यावर चष्मेवाला बायकोला म्हणाला. "मत मागायला आलीय की मत नको म्हणायला?"

"खरं तरी बोलली," बायको म्हणाली.

"खरं आम्हाला फुकट मिळतंय तीन वर्षं."

निवेदक आला तो सहा माणसं घेऊन. दोन आत, चार बाहेर, रस्ता बंद. भाषणाचा कागद वाचता येत नव्हता, चाळिशी हवी होती. चष्मेवाल्याने चौकट चढवली, भिंगं बदलायला सुरुवात केली. त्याची एक जुनी खोड होती. मध्येच तो नुसती साधी काच घाली, बिननंबरी, आणि विचारी, "आता?" दहांतली सहा माणसं म्हणत, "हां, आता बरं." मग ओळखायचं की हा दिसतं म्हणून सांगत नाही, तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगतोय, आणि पहिल्यापासून तपासायचं.

त्याने साधी काच घातली. "आता?"

"वा! वा वा! काय स्वच्छ!" निवेदक गरजला. बाहेरच्या चौघांनीही वा म्हटलं.

चष्मेवाला गालात हसला. पण म्हटलं, असतात माणसं अशी. पुन्हा तपासून नंबर काढला आणि सवयीने पुठ्ठा हातात दिला. "वाचा. मोठ्याने."

हाय रे! त्या आवाजात तो कागद वाचला गेला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा चष्मेवाल्याला तो ऐकू आला. अंगावर काटा आला त्याच्या. 'तात्काळ'वर तर निवेदकाने असा काही जोर दिला की समोरचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला.

"हे कुणी लिहिलंय, काका?"

"मीच," चष्मेवाला म्हणाला. कुणीतरी आपलं दुःख मोठ्याने म्हणावं, एवढंच हवं असतं हो माणसाला.

"मला द्या हा. रविवारच्या सभेत वाचतो. पहिला झाडू इथेच." चष्मेवाल्याने पुठ्ठा देऊन टाकला. वर दुकानाच्या दारावर निवेदकाची पाटी लावू दिली. शपथ मोडली, मत देणार म्हणाला. बायकोने पाटीकडे पाहिलं. "अहो, पण झाडून झाल्यावर तो करणार काय?" तिने विचारलं. "झाडू तर दे आधी त्याला!" हा ओरडला.

रविवारी मैदान भरलं. चष्मेवाला नवराबायको पहिल्या रांगेत, राखीव खुर्च्यांवर. निवेदकाने नवी चाळिशी लावली, पुठ्ठा काढला आणि वाचायला लागला. चष्मेवाल्याची मान ताठ. "तीन माणसे बसतात!" निवेदक म्हणाला. "तिघं! लिहून घ्या. निवडून आलो की पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला, या तिघांना घरी पाठवतो! वाजवा टाळ्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. चष्मेवाल्यानेही दोन वाजवल्या. तिसरी वाजायच्या आत बायकोने त्याचा दंड असा पकडला की नखं रुतली.

"तिघांत आपली आहे हो," ती म्हणाली.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती अशी. एक क्षण त्याला काही कळेना, आणि मग सगळं एकदम कळलं. तीन वर्षं तो कागद दुकानातून गावभर गेला, आणि त्यातलं एक वर्ष 'तिघांपैकी एकालाही' म्हणजे त्याची पोर होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर ओढणारा बाप. तो उठला आणि तडक मंचाच्या पायऱ्या चढायला लागला. निवेदकाला वाटलं, म्हातारा भारावला. "हे पाहा ते पीडित नागरिक!" म्हणत त्याने माईकच पुढे केला.

चष्मेवाला आयुष्यात कधी माईकवर बोलला नव्हता. "कागद माझाच आहे," तो म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकला. "पण जुना आहे. तेव्हाची दोघं आता तिथे नाहीत. त्या तिघांत आता माझी मुलगी आहे. परीक्षा देऊन लागलीय ती. परीक्षेला मीच घेऊन गेलो होतो. ती... ती आळशी नाहीये."

मैदानात खसखस पिकली. कुणीतरी ओरडलं, "घरातूनच सुरुवात करा की!" पण निवेदक कसलेला माणूस. त्याने माईक अलगद काढून घेतला, चष्मेवाल्याच्या खांद्यावर हात टाकला आणि तेवढ्याच जोरात म्हणाला,

"वा! बापाचं काळीज! मग ठरलं, दोघांनाच घरी पाठवू!"

पुन्हा तेवढ्याच टाळ्या.

चष्मेवाला त्याच्याकडे बघत राहिला. साधी काच. तीन म्हटलं तरी वा, दोन म्हटलं तरी वा. हा माणूस उद्या एकालाही पाठवेल आणि शंभरांनाही, समोरून टाळी आली की झालं. आणि ते दोघं कोण? त्यांनी तरी याचं काय घोडं मारलं होतं? त्याने निवेदकाच्या हातातून पुठ्ठा काढून घेतला, सरळ ओढूनच, आणि खाली उतरला. घरी जाताना बायको म्हणाली, "तिच्या सासरचे आले असतील का हो सभेला?" तो म्हणाला, "गप बस गं," पण रागाने नव्हे.

सोमवारी दुकान न उघडता तो वॉर्ड ऑफिसात गेला. चौदा खेपांत वरच्या खिडकीवरूनच त्याची बोळवण झाली होती, तळघर त्याने कधी पाहिलं नव्हतं. पंधरा पायऱ्या उतरल्यावर पहिली गोष्ट त्याला दिसली ती म्हणजे काहीच दिसेना. एक नळीचा दिवा, तोही फडफडणारा. असल्या उजेडात वाचून माणसाचे डोळे जाणारच, हे त्याच्या धंद्याला कळत होतं. छताला ओल. भिंतीभर फायली, पण फायली कसल्या, भिजून एकमेकींना चिकटलेले ठोकळे. एक बाई नाकाला रुमाल बांधून शिंकत होती. एका टेबलाशी जाड भिंगांचे एक म्हातारे कारकून पातळ सुरीने कागदाला कागदापासून सोडवत होते. आणि शिडीवर उभी राहून वरच्या फळीवरचा ठोकळा खाली घेत होती त्याची लेक. केसांत धूळ.

तिने वळून पाहिलं. खाली उतरली. हात झटकले. चेहरा दगडाचा.

"काय काम आहे?" तिने विचारलं. खिडकीवर कुणालाही विचारावं तसं.

वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं पळाली. "तक्रार मागे घ्यायचीय," तो कसाबसा म्हणाला आणि पुठ्ठा टेबलावर ठेवला.

"हो, हो, हा कागद!" म्हातारे कारकून सुरी ठेवून म्हणाले. "मी वाचलाय हा. तुमच्याच दुकानात, गेल्या वर्षी, हा चष्मा घ्यायला आलो होतो तेव्हा. दोनदा वाचायला लावलंत. दुसऱ्यांदा म्हणालात, जरा मोठ्याने."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं चष्मेवाल्याला झालं. "अहो, मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? चष्मा चांगला झाला." ते शांतपणे म्हणाले. "तुमची फाईल आली त्या पावसाळ्यात वरची टाकी फुटली आणि अख्खं तळघर भिजलं. तेव्हाचे दोघे बदली घेऊन सुटले. आता आम्ही रोज दहा-बारा फायली सोडवतो. तुमची कुठल्या ठोकळ्यात आहे ते देवाला ठाऊक. वरच्या साहेबांना दहा पत्रं लिहिली, कुणी पायरी उतरलं नाही. ती जनावरांची डॉक्टरीण तेवढी आली गेल्या आठवड्यात. तासभर बसली. चार फायली सोडवल्या, दोन फाडल्या."

"आणि काय म्हणाली?"

"म्हणाली, छत दुरुस्त करून घेईन म्हणते, पण जमेलच असं नाही."

चष्मेवाल्याला हसू आलं, नको त्या वेळी. गुरुवारच्या मतदानात मत कुणाला, ते त्याचं तिथेच ठरलं. छत गळतंय हे बघायला जी खाली उतरली, तिला. जमेल न जमेल, ते पुढचं पुढे.

"तक्रार मागे घेऊ नका," लेक मध्येच म्हणाली. ती त्याच्याकडे बघत नव्हती, पुठ्ठ्याकडे बघत होती. "फाईल हरवलीय हे खरं आहे. ते लिहिलेलं राहू दे. खोटं आहे तेवढंच काढा."

तिने कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. चष्मेवाला उभ्यानेच लिहायला लागला. 'माझी फाईल हरवली आहे, ती शोधावी. तीन माणसांना काम करण्याची इच्छा नाही, हे मी न पाहता लिहिले होते. आज पाहिले. ते वाक्य आणि त्यांना घरी पाठवण्याची विनंती मी मागे घेतो. मी चुकलो.' 'मी चुकलो' हे अर्जात लिहायचं नसतं हे त्याला माहीत होतं. पण लिहिलं. मोत्याचं अक्षर पार वाकडं झालं.

लेकीने अर्ज उचलला, वाचला. शेवटच्या ओळीशी ती जरा जास्तच वेळ थांबली. मग तिने शिक्का हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला.

"मला हा घेता येणार नाही," ती म्हणाली.

म्हणजे संपलं, चष्मेवाल्याला वाटलं. माफी सुद्धा घेत नाही पोरगी. बरोबर आहे तिचं.

"नियमात बसत नाही," ती म्हणाली आणि मोठी नोंदवही ओढून त्यात भरभर काहीतरी लिहिलं. वही म्हाताऱ्या कारकुनांकडे सरकवली. त्यांनी जाड भिंगं वहीला टेकवून ते वाचलं, मान वर केली आणि एकदा बापाकडे, एकदा लेकीकडे पाहिलं.

"हे अर्जदाराला वाचून दाखवावं लागतं," ते म्हणाले.

"त्यांना वाचता येतं," लेक म्हणाली.

"ते मला माहीत आहे. पण नियम म्हणजे नियम. वाचा. जरा मोठ्याने."

शिंकणाऱ्या बाईंनी शिंक दाबून धरली. लेकीने वही स्वतःकडे फिरवली आणि कचेरीच्या कोरड्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"सदर अर्ज पुढील कार्यवाहीसाठी सहकाऱ्यांकडे वर्ग करीत आहे. कारण, अर्जदार हे माझे..."

इथे ती अडखळली. चष्मेवाल्याचे कान अडखळणं ऐकण्यात मुरलेले, पण असं त्याने कधी ऐकलं नव्हतं.

"...माझे वडील आहेत," तिने वाचलं.

म्हाताऱ्यांनी शिक्का मारला. धाड्‌कन. चष्मेवाला भिंतीला टेकला आणि नाक ओढत म्हणाला, "इथे फार ओल आहे." लेकीने स्वतःची खुर्ची धूळ पुसून त्याच्याकडे ढकलली.

घरी आला तो निवेदकाची पाटी काखेत मारून. येताना दुकानावरून उतरवलेली. बायको दारातच उभी होती. सकाळपासून तिने चूल पेटवली नव्हती की घोटभर पाणी घेतलं नव्हतं.

"भेटली? बोलली का तुमच्याशी? अहो, सांगा की, काय म्हणाली?"

चष्मेवाल्याने खिशातून अर्जाची पोच काढली आणि तिच्या हातात दिली. जीव इतका भांड्यात पडला होता की त्याला हसावं की रडावं कळत नव्हतं.

"मी तिचा बाप आहे म्हणाली," तो म्हणाला. "सही-शिक्क्यानिशी."